काळा पडदा आणि मामाचा टीव्ही गेम

मामाच्या घरी माळ्यावर एक जुना टीव्ही गेम धूळ खात पडला आहे. त्याच्या पिवळ्या कॅसेटवर '९९९९९९९ खेळ' असे छापलेले आहे. प्रत्यक्षात खेळ सात-आठच, बाकी सगळी त्यांचीच उलटापालट. मामाला त्यातला एकही खेळ शेवटपर्यंत नेता आला नाही. जरा पुढे गेला की वीज जायची आणि वीज आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! पुढे मामाची शाळा सुटली आणि खेळही. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला म्हणालो, "मामा, असला खेळ संगणकावर चालवून दाखवतो." मी कला शाखेचा विद्यार्थी, मामा हसला. त्या हसण्यापायीच हा लेख.

या यंत्रांचा मूळपुरुष म्हणजे निन्टेन्डो कंपनीचा 'फॅमिकॉम'. तो १५ जुलै १९८३ रोजी जपानात विक्रीस आला. आपल्याकडे घरोघर आलेली यंत्रे बहुतांशी त्याच्याच नकला होत्या. मूळ यंत्रात कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट. माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी, म्हणजे सुमारे वीस लाखपट आहे. तरीही त्या खेळाची फाईल लॅपटॉपला आपणहून कळत नाही, कारण ती दुसऱ्याच यंत्राच्या भाषेत लिहिलेली असते. येथे एम्युलेटर उपयोगी पडतो. एम्युलेटर म्हणजे बहुरूपी! तो जुन्या यंत्राचे सोंग इतके हुबेहूब वठवतो की खेळाला शंकाही येत नाही.

मी 'मेडनाफेन' नावाचा विनामूल्य एम्युलेटर घेतला. त्याला ना खिडकी, ना बटणे. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर रोमन लिपीत आज्ञा टंकायची. इंग्रजीची धास्ती घेतलेल्या माझ्यासारख्याला प्रथम घाम फुटला. मग ध्यानात आले की हे साधे वाक्यच आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते, येथे आरंभी येते इतकेच. आधी 'मेडनाफेन' हे नाव, मग हवी असल्यास एखादी सूचना आणि अखेरीस फाईलचे नाव. पडदाभर चित्र हवे असेल तर मध्ये 'व्हिडिओ डॉट एफएस' आणि पुढे १ लिहावे. सूचनेच्या आधी आडवी रेघ मात्र हवी.

माझे घोडे दोन दिवस अडले ते निराळ्याच ठिकाणी. फाईलच्या नावात दोन शब्द होते आणि मधल्या मोकळ्या जागेपाशी संगणक नाव संपले असे समजत होता. शब्दकोश घेऊन बसलो तेव्हा पडद्यावरच्या तक्रारीत तेच लिहिलेले आढळले: अशी फाईल नाही. त्याला दिसत होते अर्धेच नाव! संपूर्ण नाव अवतरणचिन्हांत घातले आणि खेळ सुरू झाला. व्याकरणाच्या तासाला विरामचिन्हांचा कंटाळा करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

कळा ठरवण्यासाठी ऑल्ट, शिफ्ट आणि १ एकत्र दाबायचे. पण खरी गंमत एफ-५ची. ती दाबली की खेळ त्या क्षणी जसा असेल तसा साठवला जातो आणि एफ-७ दाबताच तेथूनच पुढे चालू होतो. पंचवीस वर्षांपूर्वी मामाला हवी होती ती हीच कळ!

आता फायलींविषयी. जुन्या खेळांचे हक्क कंपन्यांकडे आहेत. दामाजीपंतांनी कोठार लुटवले तेव्हा बिदरला रक्कम भरायला विठू धावला, अशी कथा आपण मंगळवेढेकर सांगतो. चोरून खेळ उतरवणाऱ्यासाठी कोण धावणार? काही हौशी मंडळी आजही त्या जुन्या यंत्रासाठी नवे खेळ लिहून मोफत देतात. मी त्यांतलाच एक घेतला.

मामाला तो मारिओ नाही हे लगेच कळले. तरी तो दीड तास उठला नाही. पहिल्या खड्ड्यापाशी मी एफ-५ दाबायला गेलो, तर त्याने माझा हात बाजूला सारला. दुसऱ्या खड्ड्यात पडल्यावर मात्र ती कळ कुठली ते विचारून घेतले. जाताना त्याने आज्ञेची ती ओळ कॅलेंडरच्या मागे उतरवून घेतली, अवतरणचिन्हांसकट.