धोट्यासारखं धावणारं विमान

भिवंडीच्या मागवाल्याला इचलकरंजी परकी नाही. दोन्ही गावं यंत्रमागावर जगतात आणि सुताचा भाव चढला की दोन्हीकडच्या कपाळांवर एकदमच आठ्या पडतात. एकमेकांकडे जायची वाटही ठरलेली आहे. रात्री कल्याणला महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची आणि सकाळी कोल्हापूरच्या मुलखात उतरायचं.

इचलकरंजी ज्या हातकणंगले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात कोल्हापूर-सांगली रस्त्यावर अतिग्रे हे गाव आहे. संजय घोडावत समूहाचं विद्यापीठ तिथलं. त्याच समूहाची स्टार एअर ही विमान कंपनी २५ जानेवारी २०१९ रोजी बंगळुरू-हुबळी मार्गावर पहिल्यांदा आकाशात गेली. जिथं मोठ्या कंपन्या पाय ठेवायला कचरतात, अशा गावांना जोडण्याचा धंदा तिनं निवडला. आजवर या धंद्यात फार थोडे टिकले आहेत.

पहिला मोठा प्रयोग सरकारनंच केला. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून जानेवारी १९८१ मध्ये ‘वायुदूत’ सुरू केली. ईशान्य भारतातल्या दुर्गम गावांसाठी निघालेली ही सेवा पुढं देशभर पसरली. कानपूरला तयार होणारी १९ आसनी डॉर्नियर विमानं लहानसहान धावपट्ट्यांवर उतरू लागली. पण आसनं थोडी, भाडं माफक आणि खर्च मोठ्या विमानासारखा, हे गणित कधी जुळलंच नाही. अपघातांनीही नाव खराब झालं. ऑक्टोबर १९८८ मध्ये गुवाहाटीजवळ वायुदूतचं फोकर विमान कोसळून ३४ जण गेले आणि पुढच्याच वर्षी एक डॉर्नियर आपल्या इंदापूरजवळ पडलं. १९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली आणि लहान गावांच्या धावपट्ट्यांवर पुन्हा गवत वाढलं.

ते गवत काढायला २०१७ उजाडावं लागलं. त्या वर्षी २७ एप्रिलला ‘उडान’ योजनेची पहिली विमानं निघाली. शिमला-दिल्लीबरोबर त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सेवाही सुरू झाली. ही योजना मागवाल्याला समजावून सांगणं सोपं आहे. कापडात ताणा घट्ट ताणलेला असतो आणि त्यातून बाणा भरावा लागतो. मुंबई-दिल्लीसारखे गर्दीचे मार्ग म्हणजे ताणा. त्या मार्गांवरच्या उड्डाणांकडून शुल्क घेऊन एक निधी उभारतात आणि लहान गावांच्या बाण्याला त्यातून पैसा पुरवतात. विमानातली साधारण निम्मी आसनं ठरलेल्या कमाल भाड्यात द्यायची, तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला ते अडीच हजार रुपये होतं. त्यातून येणारी तूट तीन वर्षं भरून मिळते. तुटीतला मोठा वाटा केंद्राच्या योजनेचा, तर बहुतेक राज्यांसाठी २० टक्के राज्याचा. तेवढी तीन वर्षं त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीची स्पर्धाही नसते.

तरीही कंपन्या पडल्याच. कोल्हापूरचंच पाहा. उजळाईवाडीचा हा विमानतळ १९३९ सालचा, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतला. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कननं लहान बीचक्राफ्ट विमानानं मुंबईची सेवा सुरू केली, ती फार काळ चालली नाही. २०१९ मध्ये ट्रूजेट आली. २०२२ च्या फेब्रुवारीत तिची सगळीच विमानं जमिनीवर आली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला स्टार एअरनं कोल्हापूर-मुंबई सेवा हाती घेतली. रात्रभराचा रेल्वेप्रवास पुन्हा तासाभरावर आला.

स्टार एअरचा वेगळेपणा तिच्या विमानांत आहे. सुरुवात झाली ती ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीच्या ईआरजे-१४५ या ५० आसनी जेटनं. विमान पेन्सिलीसारखं लांब आणि अरुंद, इंजिनं मागे शेपटीजवळ. आत शिरलं की एका बाजूला एकेक आसन, दुसऱ्या बाजूला दोन-दोन. उंच माणसाला मान जरा वाकवावी लागते. २०२३ पासून ७६ आसनी एम्ब्रेअर १७५ ताफ्यात आलं. त्यात इकॉनॉमीत दोन्ही बाजूंना दोन-दोन आसनं असून पुढं १२ बिझनेस क्लासची आहेत. दोन्ही विमानांत मधलं आसन नावालाही नाही.

७६ हा आकडा फायद्याचाही आहे. आपल्याकडं ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना उतरण्याचं शुल्क माफ आहे. दीडशे-पावणेदोनशे आसनांचं विमान नांदेडला नेलं तर ते भरेलच याचा भरवसा नाही. ७६ आसनी भरू शकतं. एटीआरसारख्या पंख्यांच्या विमानाला इंधन कमी लागतं, हे खरं. जेटला जास्त लागतं. पण जेट वेगानं आणि उंचावरून जातं, त्यामुळं लांबचे मार्गही आवाक्यात येतात. ३१ मार्च २०२४ पासून याच हिशेबावर नांदेड एका बाजूला बंगळुरूशी आणि दुसऱ्या बाजूला दिल्लीलगतच्या हिंडनशी, तिथून पुढं पंजाबातल्या आदमपूरशी जोडलं गेलं. नांदेडचा सचखंड गुरुद्वारा आणि पंजाबचा भाविक, हा मार्ग कागदावर नव्हे तर श्रद्धेवर आधीच आखलेला होता.

या धंद्याचं मर्म मात्र विमानात नाही, फेऱ्यांत आहे. धोटा थांबला की कापड थांबतं, आणि माग उभा राहिला तरी हप्ता उभा राहत नाही. विमानाचंही तसंच. बहुतेक विमानं भाडेपट्ट्यानं घेतलेली असतात, ती हवेत असोत वा धावपट्टीवर, भाडं चालूच. म्हणून प्रवासी उतरले, पुढचे चढले, की निघायचं. सकाळी धुक्यानं एक फेरी अडली की त्या विमानाच्या दिवसभराच्या सगळ्या फेऱ्या मागे सरकतात. मोठ्या कंपनीकडं बदली विमान असतं. लहान ताफ्यात ती चैन नसते. कोल्हापूरकर प्रवासी रद्द झालेल्या फेरीवर चिडतो, ते बरोबरच. पण त्याचं मूळ बहुधा तिथं सापडतं.

यंत्रमागाच्या आणखी एका गावाची गोष्ट याच धाग्याला जोडलेली आहे. सोलापूरला धावपट्टी होती, पण समोर श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची उंच चिमणी उभी होती. वर्षानुवर्षं वाद चालला. अखेर १५ जून २०२३ रोजी ती चिमणी पाडली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी स्टार एअरची सोलापूर-मुंबई सेवा सुरू झाली आणि त्या मार्गावरची तूट भरून देण्याची जबाबदारी राज्य सरकारनं घेतली. भिवंडीच्या मागांवर काम करणाऱ्या कितीतरी पद्मशाली घरांची नाती सोलापुरात आहेत. त्यांच्यासाठी ही बातमी दूरची नव्हती.

भिवंडीला स्वतःची धावपट्टी नाही. अंजूरफाट्याहून निघून काल्हेर-कशेळीच्या गर्दीतून, ठाण्यावरून सांताक्रूझ-विलेपार्ल्याकडं पोचायला लागणारा वेळ कित्येकदा कोल्हापूरच्या उड्डाणाहून जास्त असतो. म्हणून अजून महालक्ष्मीलाच भिवंडीकराची पसंती आहे. बाणा कितीही वेगानं धावला तरी ताण्याची टोकं नीट बांधलेली नसतील तर कापड विणलं जात नाही.

लहान गावाच्या विमानसेवेची परीक्षा उद्‌घाटनाच्या दिवशी होत नाही. तूट भरून मिळणं थांबतं, त्या दिवसापासून ती सुरू होते. आपल्या गावाला नवी विमानसेवा मिळाली की पेढे जरूर वाटा, पण तारीख लिहून ठेवा. तीन वर्षांनी वेळापत्रक उघडून गावाचं नाव त्यात आहे का, तेवढं पाहा.