वनभोजनाची सिद्धता

कार्तिक लागला, पावसाचा चिखल वाळला आणि सकाळच्या हवेंत गारवा आला, कीं घराघरांतून वनभोजनाचा विषय निघूं लागतो. शुद्ध पक्षांत आवळीच्या झाडाखालीं पंगत मांडावी, ही आपली जुनीच चाल; पुढें पौष-माघांत शेतांतला हुरडा खुणावूं लागतो. भागवताच्या दशम स्कंधांत श्रीकृष्णाभोंवतीं बसून गोपाळांनीं यमुनातीरीं केलेलें भोजन वर्णिलें आहे. तेथें कोणी पानावर जेवला, कोणी झाडाच्या सालीवर, कोणी दगडावर. तेव्हां उघड्यावरचें भोजन ही कांहीं साहेबाकडून उसनी घेतलेली हौस नव्हे.

परंतु हौस आपली असली तरी तिची व्यवस्था आपण फारशी मनावर घेत नाहीं. बहुतेक वनभोजनांत काय दिसतें? पुरुषमंडळी झाडाखालीं पत्ते मांडतात, मुलें झोके बांधतात, आणि घरांतील स्त्रिया तीन दगडांच्या चुलीपुढें धुरानें डोळे पुशीत पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक करितात. तीन वाजतां त्या उरलेंसुरलें जेवतात व नंतर भांडीं घांसावयास बसतात. स्वयंपाकघराच्या भिंती काढून टाकल्या म्हणजेच वनभोजन झालें काय? आमच्या मतें वनभोजनाचें देखणेपण भारी जाजमांत किंवा नव्या डब्यांत नाहीं. घरांतील प्रत्येक स्त्री पहिल्याच पंगतीस निवांतपणें बसली कीं नाहीं, हीच त्याची कसोटी होय. पुढील यादी आम्ही याच कसोटीवर घांसून पाहिली आहे.

प्रथम पाणी. इंग्लंडांत मिसेस बीटन यांचा गृहव्यवस्थेवरील प्रसिद्ध ग्रंथ १८६१ सालीं निघाला. त्यांत चाळीस माणसांच्या वनभोजनाची यादी आहे. बुचें उघडण्याचे तीन स्क्रू तींत आठवणीनें घातले आहेत. पाणी मात्र बहुधा तेथेंच मिळतें, तें नेण्याचें कारण नाहीं, असा बाईंचा अभिप्राय आहे. तो त्यांच्या देशाला शोभला असेल. आपल्याकडे यादींतलें पहिलें नांव पाण्याचेंच असावें. ओढ्याचें पाणी कितीही नितळ दिसलें तरी तें पिण्याजोगें आहे असें डोळ्यांना कळत नाहीं. माणशीं दोन लिटर पिण्याचें पाणी घरून न्यावें, आणि हातपाय धुण्याचें त्याहून वेगळें. पंधरा माणसांस नुसतें पिण्याचेंच तीस लिटर, म्हणजे तीस किलो ओझें झालें! तें वाहण्याचें काम घरांतील तरुणांचें. सुरईला किंवा कळशीला ओलें फडकें गुंडाळावें. फडक्यांतलें पाणी वाऱ्यानें उडून जातांना भांड्यांतली उष्णता घेऊन जातें व आंतलें पाणी थंड राहतें. वाटेंत लेंकरांसाठीं आजीचा फिरकीचा तांब्या अजूनही सोयीचा. हिसक्यानें तो सांडत नाहीं आणि झांकणाचा पेलाही होतो.

दुसरी वस्तु थर्मास. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञानें १८९२ सालीं दुहेरी भिंतींचें व मधली हवा काढून घेतलेलें भांडें तयार केलें. मधल्या पोकळींत हवाच नसल्यामुळें आंतली उष्णता सहसा बाहेर पडत नाहीं. आपल्या विषयांत या शोधाचें महत्त्व वेगळेंच आहे. दुपारीं चारचा चहा हवा, एवढ्याचसाठीं चूल पुन्हां पेटते आणि कोणी तरी सून पुन्हां तिच्यापुढें बसते. दोन मोठे थर्मास भरून नेले कीं तिची सुटका झाली.

आतां अन्न. आपल्या आज्या-पणज्यांची प्रवासाची शिदोरी नीट पाहिली तर तिच्यांतलें शहाणपण लक्षांत येतें. दुधांत भिजविलेल्या दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, तिळाची व शेंगदाण्याची कोरडी चटणी, लोणचें, मेतकूट, गुळपोळी, बेसनाचे लाडू. यांत पाण्याचा अंश थोडा, किंवा मीठ, आंबट व गोड भरपूर. म्हणून जंतूंस वाढावयास वाव मिळत नाहीं. याच्या उलट ओलें शिजलेलें अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान दोन तासांहून अधिक ठेवूं नये, आणि ऊन फार असेल तर एका तासाहून अधिक नको. भाताविषयीं विशेष सावध असावें. त्यांतील एका जातीच्या जंतूंचे बीजाणू शिजविण्याच्या आंचेलाही दाद देत नाहींत. भात कोमट राहिला कीं ते वाढीस लागतात, आणि त्यांनीं केलेलें विष भात पुन्हां ऊन केल्यानेंही जात नाहीं. यास्तव मसालेभाताचा मोह त्या दिवसापुरता सोडावा. काकड्या, टोमॅटो, मुळे अखंडच न्यावे व कोशिंबीर तेथें करावी. काकडी चोचविण्याचें काम पुरुषांनाही उत्तम साधतें, हें आम्ही पाहिलें आहे.

लाडू व चटण्या दोन दिवस आधीं कराव्या, आणि दशम्या त्या दिवशीं पहाटे. पहाटेच्या या कामांतही एकीनें लाटाव्या व दुसऱ्या कोणीं भाजाव्या. तो दुसरा घरांतील मुलगा कां नसावा?

पानांसाठीं पळसाच्या पत्रावळी व द्रोण यांसारखें दुसरें सुंदर साधन नाहीं. आदल्या रात्रीं त्यांवर पाणी शिंपडून ठेवलें कीं पानें तडकत नाहींत. महाराष्ट्रांत २०१८ पासून व सबंध देशांत २०२२ पासून प्लास्टिकच्या व थर्माकोलच्या ताटल्यांना बंदी आहे. तेव्हां शोभा आणि कायदा दोन्ही पत्रावळीच्याच बाजूस आहेत. शिवाय घांसण्याचें नांव नाहीं! दहीं, लोणचें, चिंच असे आंबट पदार्थ स्टीलच्याच डब्यांत न्यावे. कल्हई उडालेल्या पितळेंत ते कळकतात. वाढण्यास पळ्या, एक विळी किंवा सुरी, हात पुसण्यास पंचे, आणि नेहमींच विसरणारी मिठाची डबी, हीं एका पेटाऱ्यांत घालून यादीची चिठ्ठी झांकणाच्या आंतील बाजूस चिकटवावी. परततांना तिच्यावरूनच मोजणी होते.

बैठकीसाठीं खालीं ताडपत्री व वर जाजम घालावें, म्हणजे जमिनीची ओल वर येत नाहीं. म्हाताऱ्या माणसांस मांडी घालून बसणें जड जातें. त्यांच्यासाठीं एक-दोन घडीच्या खुर्च्या घ्याव्या. तान्ह्यासाठीं झोळी व तिला मजबूत दोर असावा. याच दोरावर दोन जाड चादरी टांगून स्त्रियांसाठीं आडोसा करितां येतो. या गोष्टीची चर्चा घरांत सहसा होत नाहीं, परंतु अनेक वडीलधाऱ्या बायका केवळ या अडचणीमुळें ‘मी घरींच राहतें’ म्हणतात किंवा दिवसभर पाणी पीत नाहींत. शौचकूप असलेली जागा निवडावी. नसेल तर आडोशाचें सामान आणि एक खुरपें हीं यादींत पाण्याखालोखाल लिहावीं.

जागा ठरवितांना वरही पाहावें. उंच फांदीवर किंवा कड्यावर आग्या मोहोळ असेल तर तेथून दूर जावें. धूर व उग्र अत्तर यांनीं त्या माश्या खवळतात. त्या उठल्याच तर हातवारे करूं नयेत. डोकें-तोंड झांकून बंदिस्त जागेकडे धांव घ्यावी. राखीव वनांत, अधिकाऱ्यांनीं मोकळीक दिलेले दिवस सोडून, विस्तव पेटविण्यास किंवा नेण्यास १९२७ च्या वन कायद्यानें मनाई आहे; तेथें जातांना काडेपेटी घरींच ठेवावी. हुरड्याची आगटी मालकाच्या परवानगीनें शेतांतच करावी व शेजारीं पाण्याची बादली भरून ठेवावी.

औषधांच्या डबींत कापूस, पट्ट्या, जंतुनाशक आणि जुलाबावरील क्षार-साखरेच्या पुड्या असाव्या. पुड्या नसल्या तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावें. सर्पदंश झाल्यास कापणें, चोखणें, आवळून बांधणें यांपैकीं कांहींही करूं नये. माणसास हालूं न देतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व लवकरांत लवकर रुग्णालय गांठावें.

शेवटीं दोन रिकामीं पोतीं. एकांत पत्रावळी व उष्टें खरकटें, दुसऱ्यांत इतर कचरा. आपण उठल्यावर त्या झाडाखालीं केवळ दबलेलें गवत दिसावें.

एवढी सिद्धता केली म्हणजे खर्च वाढतो असें नव्हे, कामें मात्र वांटलीं जातात. पाणी, जाजमें, आडोसा व पोतीं पुरुषांकडे. पेटारा व मोजणी मुलांकडे. पदार्थांची योजना स्त्रियांकडे. आमच्या वाचक भगिनींनीं ही वांटणी आदल्या रविवारींच सर्वांसमक्ष वाचून दाखवावी. आणि दमून घरीं परतल्यावर रात्रीच्या खिचडीचें आधण कोणीं ठेवावयाचें, हेंही त्याच वेळीं ठरवून घ्यावें.