ट्राँबोनचा नकोसा झणकार

जयपूर हे नाव मराठी संगीतप्रेमी वाचकास अल्लादियाखाँ यांच्या घराण्यामुळे परिचित आहे. परंतु लग्नसराईच्या दिवसांत त्या नगरावर राज्य चालते ते पितळी वाद्यांचे. नगराच्या दक्षिण भागातील गोपालपुऱ्यासारख्या वस्तीतून वरात निघाली म्हणजे बँडचा घोष दूरवर ऐकू येतो. अशा बँडमध्ये ट्राँबोन असेल, तर लांब सरकती नळी पुढेमागे करणारा त्याचा वादक चटकन नजरेत भरतो. या वादकाच्या वाट्याला कधीकधी एक विचित्र अडचण येते. सारे स्वर स्वच्छ निघतात. पण एखाद-दुसरा स्वर येताच वाद्यातून झणझण असा परका आवाज उठतो. पुढचा स्वर वाजविताच तो नाहीसा होतो.

असे का व्हावे? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. कारण न कळल्यास वादक आपल्या फुंकेला दोष देत बसतो, किंवा निर्दोष सांध्याला पुन्हा डाख द्यावयास लावतो. ऐन हंगामात वाद्य कारागिराकडे पडून राहिले, तर वादकाची रोजची कमाई बुडते.

नळीतील हवा आणि नळीचे पितळ

ट्राँबोनमध्ये स्वर निर्माण होतो तो हवेच्या कंपनांतून. वादकाचे ओठ मुखनळीवर थरथरतात व नळीतील हवेचा स्तंभ त्यांना साथ देतो. नेहमीच्या बी-फ्लॅट ट्राँबोनची नळी सुमारे २.७ मीटर लांब असते. सरकत्या नळीला सात स्थाने असतात, आणि प्रत्येक पुढच्या स्थानाबरोबर स्वर अर्ध्या स्वराने उतरतो. एकाच स्थानावर ओठांचा ताण बदलून निरनिराळे स्वर काढता येतात. पहिल्या स्थानावर ते दर सेकंदास सुमारे ११६, १७५, २३३, २९१, ३४९ कंपने असे चढत जातात.

ज्या धातूत ही हवा कोंडलेली असते, त्यालाही स्वतःची कंपने असतात. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके हलके धक्के दिले की तो उंच जातो. लय चुकविली की जागीच अडखळतो. हाच अनुनाद होय. कर्ण्याची कड आतून तार घालून दुमडलेली असते. ती तार सैल झालेली असेल, आधाराच्या आडव्या काडीचा डाख सुटलेला असेल, पाणी काढण्याच्या कळीची स्प्रिंग ढिली असेल, तर त्या सैल भागाला आपली अशी एक कंप्रता असते. वाजविलेला स्वर तिच्याशी जुळला की तो भाग शेजारच्या धातूवर आपटू लागतो आणि झणकार ऐकू येतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोणत्याही पितळी स्वरात मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वर मिसळलेले असतात. समजा, सैल भागाची कंप्रता दर सेकंदास ७०० च्या आसपास आहे. मग २३३ च्या स्वराचा तिसरा, ३४९ च्या स्वराचा दुसरा आणि १७५ च्या स्वराचा चौथा घटक, असे तिन्ही तिला जाऊन भिडतात. वादकास तीन स्वर बिघडलेले वाटतात. वस्तुतः दोष एकच असतो.

दोषाचा शोध

शोधाची एक सुंदर रीत ट्राँबोनच्या रचनेतच दडलेली आहे. काही स्वर दोन स्थानांवर काढता येतात. २३३ कंपनांचा बी-फ्लॅट पहिल्या स्थानावर निघतो, तसा पाचव्या स्थानावरही निघतो. दोन्ही ठिकाणी झणकार झाला, तर संशय कर्ण्याकडील स्थिर भागावर, त्याच्या आधारकाड्यांवर किंवा सैल झालेल्या फिरकीवर घ्यावा. तो एकाच स्थानावर झाला, तर सरकत्या नळीची तपासणी आधी करावी. कारण ती बाहेर काढली की तिची पकड व ताठपणा बदलतो. संशयित भागावर बोट किंवा कापडाची घडी हलकेच दाबून तोच स्वर पुन्हा वाजवावा. आवाज थांबला, तर चोर सापडला.

कधीकधी चोर वाद्याबाहेरच असतो. बँडमधील साइड ड्रमच्या खालच्या कातड्याला तारा टेकलेल्या असतात. ट्राँबोनच्या विशिष्ट स्वरांना त्या कुणी न छेडता सळसळतात. खिडकीची सैल काच आणि दुकानाचे लोखंडी शटर यांचेही तसेच. सहकाऱ्याने दुसऱ्या वाद्यावर तोच स्वर वाजविला आणि ट्राँबोन नुसते बाजूस ठेवलेले असताही सळसळ झाली, तर ट्राँबोन निर्दोष होय.

कलकत्त्यातील एक संशोधन

अनुनाद स्वराला कसा छळतो, याचा प्रसिद्ध अभ्यास भारतातच झाला. चेलो या मोठ्या व्हायोलिनजातीय वाद्यात एका स्वराला गुरगुर उठते. तिला ‘लांडगा-स्वर’ म्हणतात. चंद्रशेखर वेंकट रामन हे कलकत्त्यास अर्थखात्यात नोकरी करीत असताना फावल्या वेळात विज्ञान-संवर्धक संस्थेत प्रयोग करीत. १९१६ साली त्यांनी या गुरगुरीची मीमांसा प्रसिद्ध केली. त्या स्वराला वाद्याचे शरीर इतके जोराने कंप पावते की गजाला तेवढी ऊर्जा पुरविता येत नाही. स्वर तुटतो, कंप ओसरतो, स्वर पुन्हा धरतो, आणि हे चक्र चालूच राहते. ट्राँबोनच्या झणकारात सैल भाग आपटतो, चेलोत घट्ट जोडलेले शरीरच स्वराशी झगडते. मुळाशी मात्र अनुनाद एकच.

अनुनाद हा सर्वथा शत्रू आहे असेही नव्हे. सारंगीच्या तरफा त्याच्याच बळावर आपोआप गुंजतात. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात, तेव्हा तार घोडीला नाजूकपणे स्पर्शत राहील अशी योजना करतात, आणि त्या स्पर्शातूनच तंबोऱ्याचा भरलेला गुंजारव उमटतो. तारेचा घोडीवरील स्पर्श कारागिराने हेतुपूर्वक साधलेला असतो, तर सुटलेल्या काडीचा धातूवरील आघात कोणाच्याच हेतूत नसतो. म्हणून झणकार कानी पडताच हातोडी उचलण्याआधी स्वर कोणता, स्थान कोणते आणि थरथरते काय, हे तीन प्रश्न वादकाने शांतपणे विचारावेत. पुष्कळदा दुरुस्ती डाखाच्या एका थेंबापुरतीच उरते.