डॉक्टरांची कामं कमी झाली, की दवाखाना कसा वाढतो

तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना चालवणारे डॉक्टर संध्याकाळच्या ओपीडीत काय काय करतात, याची यादी केली तर औषधोपचार हा तिचा एक भागच निघतो. केस पेपरवर नाव-वय लिहिणं, वजन घेणं, बीपी मोजणं, मागच्या वेळचा कागद शोधणं, सुट्टे पैसे परत देणं, लॅबला फोन करणं, ‘नुसता रिपोर्ट दाखवायचाय’ म्हणत दारातून डोकावणाऱ्याशी बोलणं, मध्येच एमआरला भेटणं. प्रत्येक काम मिनिटा-दोन मिनिटांचं, म्हणून त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मग दवाखाना वाढवायचा म्हटलं की ओपीडीचा एक तास वाढतो, रविवारची सुट्टी जाते, शेजारच्या गावात आठवड्यातून दोनदा व्हिजिट सुरू होते. डॉक्टर थकतात आणि दवाखाना होता तेवढाच राहतो, कारण त्याची सगळी कमाई आणि सगळा दर्जा एकाच माणसाच्या तासांवर उभा असतो. ते तास एका मर्यादेपलीकडे वाढत नाहीत. त्यांतून काय काढायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

काढायचं काय, हे अंदाजानं ठरवू नये. एक आठवडा टेबलावर कोरा कागद ठेवावा आणि रिसेप्शनवरच्या मुलीला किंवा सिस्टरला सांगावं, की मी पेशंट तपासण्याव्यतिरिक्त जे जे करतो ते लिहीत जा. शनिवारी तो कागद घेऊन बसलं की प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारायचा: यासाठी डॉक्टरची पदवी लागते का?

समजा, संध्याकाळी पाच ते नऊ या चार तासांत 60 पेशंट येतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटं. त्यांतलं दीड मिनिट नाव, वजन, बीपी, जुना कागद आणि पैसे यांत जात असेल, तर रोज 90 मिनिटं गेली. ही कामं दाराबाहेर झाली, तर तेवढा वेळ परत मिळतो. त्यात 15 पेशंटना, म्हणजे ज्यांना नुकताच मधुमेह निघालाय किंवा जे वयानं थकलेत त्यांना, प्रत्येकी चार मिनिटं जास्त देता येतात आणि तरीही दवाखाना अर्धा तास आधी बंद होतो. वाचलेल्या वेळात आणखी 30 पेशंट कोंबायचा मोह होईल. तो मोह टाळावा असं माझं ठाम मत आहे. घाईत तपासलेला पेशंट पुढच्या वेळी दुसरीकडे जातो, आणि घाईत सुटलेलं निदान त्याला महागात पडतं.

हे तत्त्व आपल्या देशात शेवटापर्यंत कुणी नेलं असेल, तर मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि 1976 मध्ये, वयाच्या 58 व्या वर्षी, त्यांनी 11 खाटांचं रुग्णालय काढलं. तरुणपणी झालेल्या संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली होती. त्याच बोटांनी ते मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शिकले होते. त्यांच्या रुग्णालयात एका सर्जनसाठी शेजारी-शेजारी दोन टेबलं असतात. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावरच्या पेशंटची सगळी तयारी मदतनीस करून ठेवतात. पहिली शस्त्रक्रिया संपली की सर्जन लगेच दुसऱ्या पेशंटकडे वळतात. पट्टी बांधणं, पेशंटला बाहेर नेणं, पुढच्याला आणणं, यांतलं काहीही सर्जनकडे नसतं. नजर तपासणं, डोळ्यातला दाब मोजणं, चष्म्याचा नंबर काढणं, शस्त्रक्रियेबद्दल समजावून सांगणं ही कामं प्रामुख्यानं ग्रामीण भागातून निवडलेल्या, बारावी झालेल्या मुली दोन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर करतात. सर्जनची वेळ अशी राखल्यामुळेच पैसे देणाऱ्या पेशंटच्या जोरावर फार मोठ्या संख्येनं गरिबांची शस्त्रक्रिया मोफत किंवा नाममात्र पैशांत करणं या रुग्णालयाला परवडतं.

‘पण ते डोळ्यांचं झालं, ठरावीक काम, आमच्याकडे रोज नवा आजार’ अशी शंका इथे येते, आणि ती रास्त आहे. तिचं उत्तर गडचिरोलीत सापडतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 39 गावांमध्ये स्थानिक स्त्रियांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानानं 62 टक्क्यांनी कमी झालेला दिसला. बाळाला जंतुसंसर्ग झाल्याच्या खुणा ओळखण्यासारखं अवघड कामही त्या करत होत्या. कोणती लक्षणं बघायची हे नेमकं ठरलेलं होतं, पुन्हापुन्हा शिकवलेलं होतं, आणि वरून नियमित तपासणी होती. या तीनपैकी एक जरी वगळलं तर काम सोपवणं म्हणजे अंगावरून ढकलणं होतं.

दवाखान्यात हे असं बसवता येतं. आधी एकच काम निवडायचं, समजा बीपी आणि वजन. ते कसं करायचं हे मराठीत, मोठ्या अक्षरात, एका पानावर लिहायचं: पेशंटला पाच मिनिटं शांत बसू द्या, पाय जमिनीवर टेकलेले, हात टेबलावर छातीच्या पातळीला, मध्ये बोलू नका, वरचा आकडा 180 च्या वर किंवा खालचा 120 च्या वर आला तर नंबर मोडून लगेच आत पाठवा. मग डॉक्टरांनी करायचं आणि सिस्टरनं बघायचं. नंतर सिस्टरनं करायचं आणि डॉक्टरांनी बघायचं. त्यानंतर डॉक्टरांनी हात काढून घ्यायचा, पण आठवड्यातून चार-पाच पेशंटचं बीपी स्वतः पुन्हा मोजून ताडून बघायचं. हे नीट बसल्यावरच दुसरं काम. एकदम सात कामं वाटून दिली की पंधरा दिवसांत सगळी परत डॉक्टरांच्याच टेबलावर येऊन पडतात. आणि शिकलेल्या माणसाचा पगार वाढवावा. तीन वर्षांत तयार झालेली सिस्टर दोन हजार रुपयांसाठी समोरच्या हॉस्पिटलात गेली, तर नुकसान तिचं होत नाही.

आता गर्दीकडे वळू. बाहेर लोक ताटकळतात म्हणून पुष्कळ डॉक्टर वेटिंग हॉल मोठा करतात. पण बसलेल्या माणसांची संख्या हॉलवर अवलंबून नसते. तासाला किती येतात आणि प्रत्येक जण सरासरी किती वेळ थांबतो, यांचा तो गुणाकार असतो. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये हे गणितानं सिद्ध केलं. तासाला 15 पेशंट येत असतील आणि प्रत्येकाला 80 मिनिटं थांबावं लागत असेल, तर कुठल्याही क्षणी सरासरी 20 माणसं बसलेली असणारच. थांबण्याचा वेळ 40 मिनिटांवर आला की तीच माणसं 10 होतात. हॉल तेवढाच राहूनही मोकळा दिसतो.

थांबणं कमी कसं होतं, याचा अभ्यास इंग्लंडमध्ये नॉर्मन बेली यांनी 1952 मध्ये केला होता. सगळ्यांना एकदम बोलावलं तर डॉक्टर कधी रिकामे बसत नाहीत, पण त्याची किंमत पेशंट मोजतात. त्यांनी सुचवलं, की सुरुवातीला दोघांना बोलवा आणि पुढे सरासरी तपासणीला लागतो तेवढ्या अंतरानं एकेकाला. पहिला उशिरा आला तरी दुसरा हजर असतो. आपल्याकडे मिनिटामिनिटाच्या वेळा चालत नाहीत. माणसं एसटीनं येतात आणि शेवटच्या गाडीनं परत जातात, बाजाराच्या दिवशी तर सगळा तालुका एकदम उतरतो. म्हणून तासांचे गट करावेत: दहा ते अकरा 12 नंबर, अकरा ते बारा 12 नंबर, प्रत्येक तासात दोन जागा तातडीच्या पेशंटसाठी राखीव. बाहेरगावच्यांना सकाळचे तास, गावातल्यांना संध्याकाळचे. ‘रिपोर्ट दाखवायला’ येणाऱ्यांचा तास वेगळा. आणि डॉक्टरांनी वेळेवर बसायचं. पहिला अर्धा तास गेला की तो दिवसभर भरून निघत नाही.

फोनमुळेही पुष्कळ काम हलकं होतं. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार, प्रत्यक्ष तपासलेल्या पेशंटला त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत फोनवर किंवा व्हिडिओवर फॉलोअप देता येतो, रीतसर फी घेऊन. बीपी आटोक्यात असलेल्या आजोबांना नुसत्या गोळ्यांची चिठ्ठी लिहून घ्यायला वीस किलोमीटर यायला लावायची गरज नाही. मात्र सल्ला डॉक्टरांनीच द्यायचा. कंपाउंडरनं व्हॉट्सअॅपवर गोळ्या सांगणं हे काम वाटून घेणं नव्हे, तो गुन्हा आहे.

ही सीमा स्पष्ट हवी. निदान, चिठ्ठी, शस्त्रक्रियेची संमती, वाईट बातमी सांगणं, ही कामं खोलीबाहेर जात नाहीत. सोनोग्राफी असेल तर 1994 च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली फॉर्म एफमधली साधी त्रुटीही अंगाशी येते. तो कारकून भरू शकतो, पण सही करण्यापूर्वी डॉक्टरांनी ओळ न् ओळ वाचायला हवी. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार नोंदी तीन वर्षं जपायच्या आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायच्या. नोंदींची नीट पद्धत बसवली तर हे आपोआप होतं.

वाढीसाठी नवे पेशंट आणायचे कुठून? जाहिरात करून पेशंट ओढायला ही आचारसंहिता मनाई करते, आणि पेशंट पाठवण्याबद्दल कट देण्या-घेण्यालाही. तरीही वाढीची सर्वांत मोठी जागा बहुतेक डॉक्टरांच्या कपाटातच असते: यायचे बंद झालेल्या पेशंटचे कागद. मधुमेह, बीपी, दमा, थायरॉइड यांची एक वही करावी. ठरलेल्या तारखेला जो आला नाही, त्याला सिस्टरनं दुसऱ्या दिवशी फोन करावा, ‘काका, गोळ्या संपल्या असतील, तब्येत कशी आहे?’ एवढंच विचारायला. काही जण बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करून बसलेले असतात. तो फोन त्यांचा अर्धांगवायू टाळू शकतो.

काही गोष्टी सरळ बंदच कराव्या लागतात. आठवड्याला चार पेशंट देणारी दूरच्या गावची व्हिजिट, महिन्यातून तीनदा चालणारं एक्स-रे मशीन, ओपीडीच्या वेळेतल्या एमआरच्या भेटी. एमआरसाठी आठवड्यातला एक दुपारचा तास ठेवला, तर कुणाचा मान दुखावत नाही.

शेवटी प्रश्न येतो दुसऱ्या डॉक्टरचा. पेशंट म्हणतात, ‘आम्हाला मोठेच डॉक्टर हवेत.’ म्हणून नव्या डॉक्टरला वेगळ्या खोलीत एकटं बसवू नये. पहिले दोन-तीन महिने दोघांनी एकत्र बसावं, मोठ्या डॉक्टरांनी पेशंटसमोर त्यांचं मत विचारावं, आणि फॉलोअपचे पेशंट आधी त्यांच्याकडे सोपवावेत. जुन्या कागदावर निदान आणि औषध लिहिलेलं असल्यानं पेशंटलाही धीर येतो. पगार, सुट्ट्या, रात्रीच्या केस कुणी बघायच्या आणि दोन वर्षांनी भागीदारी देणार की नाही, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवावं. तरुण डॉक्टर वर्षभरात सोडून जातात ते बहुतेक वेळा या गोष्टी मोघम राहिल्यामुळे, आणि मग त्यांचे पेशंट, त्यांचे नाइट कॉल, सगळं पुन्हा एकाच माणसाकडे येतं.