मुकादमाची पाठ वळल्यावर

सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्याने नावाचे रक्षण होते; पण मालाचा दर्जा राखतो तो मागावरचा माणूस. उभा धागा तुटूनही माग तसाच चालू राहिला, तर कापडात लांब रेघ पडते व चादर सेकंड मालात जाते. मुकादम समोर असताना प्रत्येक जण माग थांबवून धागा जोडतो. त्याची पाठ वळल्यावर कोण थांबवतो, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली काही विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. ज्यांना पैसे दिले, त्यांची गोडी पैसे बंद होताच कमी झाली. पुढे डेसी व रिचर्ड रायन यांनी मांडले, की दंड, बक्षीस किंवा लाजेपोटी केलेले काम तेवढ्यापुरतेच चालते. स्वतःला पटलेले काम टिकते. हीच स्वयंप्रेरणा.

येथे सजगतेचा संबंध येतो. सजगता म्हणजे आपण या घडीला काय करीत आहोत व मनात काय चालले आहे, याचे भान. ज्यांना हे भान अधिक, ते रोजच्या व्यवहारात स्वेच्छेने अधिक वागतात, असे कर्क ब्राउन व रायन यांना २००३ च्या अभ्यासात आढळले. कारण सोपे आहे. हात सवयीने चालतात, मन कर्जात किंवा घरच्या आजारपणात असते. नगावर मजुरी असली की धागा तुटताच 'जाऊ दे' हा विचार येतो. तो येताक्षणी ओळखला, तर क्षणभर थांबून निवड करता येते. यालाच आत्मनियमन म्हणतात.

याला खर्च नाही. माग सुरू करण्यापूर्वी दोन मिनिटे शांत उभे राहावे, श्वासाकडे लक्ष द्यावे. पाळी संपताना स्वतःला विचारावे: आज कोणते काम धाकाने केले, कोणते पटून?

मात्र कारखानदारांनी हा सारा भार कामगारावर टाकू नये. धागा जोडण्यात गेलेल्या वेळेची मजुरी बुडत असेल, तर सजगतेचा उपदेश फोल आहे. दर ठरवताना तो वेळ धरावा, नियमामागचे कारण सांगावे, कामगाराचे मत विचारावे. चांगल्या नगाला मनापासून शाबासकी द्यावी. डेसींच्या प्रयोगात शाबासकीने गोडी घटली नव्हती.