वेगाचा ताळेबंद

(द्वितीय वर्ष, कला)

आमचे अण्णा भाड्याचा पिकअप चालवतात. पहाटे तरकारी भरून नगरच्या बाजारात पोचवायची, हा त्यांचा व्यवसाय. गावातून जाताना वेग कमी ठेवावा, हा विषय मी घरी काढला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "बाळा, पैसे खेपेवर मिळतात. उशीर झाला की भाव पडतो." आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. अण्णांच्या या वाक्याला उत्तर देता येत नसेल तर माझ्या शिक्षणाचा उपयोग काय, असे वाटले. म्हणून मी हिशेब मांडला.

रस्त्यालगतची गावाची वस्ती एक किलोमीटर धरू. ताशी ६० किलोमीटर वेगाने ती एका मिनिटात ओलांडता येते, ३० ने दोन मिनिटांत. म्हणजे गावामागे एक मिनिट. पाच गावांची पाच मिनिटे.

आता दुसरी बाजू पाहू. समोर मूल आलेले दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. ६० च्या वेगात तेवढ्यात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. ३० च्या वेगातील मोटार मात्र कोरड्या रस्त्यावर साधारण १४ मीटरांत पूर्ण थांबते. पहिलीचा ब्रेक लागण्यापूर्वीच दुसरी उभी राहिलेली असते! वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते.

शिर्डीच्या वाटेवरील पायी पालख्या, हंगामातील उसाच्या बैलगाड्या, शाळा सुटल्यावरची मुले, ही सारी आपल्या जिल्ह्यात याच रस्त्यांवर असतात. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. सरकारी अहवालाप्रमाणे त्यांतील दहापैकी सात मृत्यूंमागे अतिवेग होता.

अण्णांनी कागद दोनदा पाहिला. म्हणाले, "पाच मिनिटं लवकर निघू. पण मी एकटाच हळू गेलो तर मागचा हॉर्न वाजवतो, त्याचं काय?"

हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारली ती ग्रामसभेत एकत्र ठरवून. तेथे पाण्याचा ताळेबंद सर्वांसमोर मांडला जातो आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची ते ठरते. हिशेब कळला आणि नियम सर्वांना सारखा असला, की बंधन जाचक वाटत नाही. नुसती पाटी उभारून हे साधत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ नुसार लोकांच्या सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर कमी वेगमर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. गावाने ठराव करून तशी मागणी करावी. मात्र त्याआधी गावातल्या चालकांना ग्रामसभेत बोलवावे, त्यांची अडचण ऐकावी आणि हा हिशेब फळ्यावर मांडावा. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक संध्याकाळ यासाठी द्यावी, अशी माझी विनंती आहे. पहिले चालक म्हणून अण्णा येतील. मी त्यांना विचारले आहे.