तळ खरवडणारं जाळं

१८४१ साली एजियन समुद्रात ‘बीकन’ या ब्रिटिश जहाजावरून एडवर्ड फोर्ब्ज हा तरुण निसर्गशास्त्रज्ञ समुद्राचा तळ खरवडत होता. हत्यार साधंच होतं. एक लोखंडी चौकट, तिची कड तळ खरवडेल अशी, मागे जाळीची पिशवी आणि ओढायला लांब दोर. ब्रिटनचे कोळी कालवं काढायला हेच ‘ड्रेज’ वापरत. निसर्गशास्त्रज्ञांनी ते त्यांच्याकडूनच उचललं होतं.

खोली वाढेल तसे पिशवीतले जीव कमी होत गेले. सुमारे ४२० मीटरपर्यंत खरवडून फोर्ब्जने अंदाज बांधला, की ५५० मीटरच्या खाली जीवसृष्टी नसणार. तिथला काळोख, थंडी आणि पाण्याचा दाब लक्षात घेता अनेकांना ते पटलंही.

पण एजियनच्या खोल पाण्यात मुळात अन्नच तुटपुंजं असतं. त्यावरून साऱ्या महासागरांची परीक्षा करणं चुकीचं होतं. शिवाय फोर्ब्जच्या ड्रेजचं तोंड अरुंद आणि पिशवीची छिद्रं बारीक. ती चिखलाने लगेच गच्च भरे, मग पुढचं काही आत शिरणार कसं?

१८६० साली सार्डिनिया आणि अल्जीरियादरम्यानची तुटलेली तारायंत्राची केबल वर काढली, तेव्हा पार खोलातल्या भागावरही प्रवाळ वाढलेले आढळले. ते पिशवीतून नव्हे, केबलला चिकटूनच आल्यामुळे वरच्या पाण्यात सापडले असतील अशी शंका घ्यायला जागा उरली नाही.

१८६९ च्या जुलैमध्ये निसर्गशास्त्रज्ञ वायव्हिल थॉमसन यांनी ‘पॉर्क्युपाइन’ जहाजावरून बिस्केच्या उपसागराजवळ सुमारे ४,४५० मीटर खोल ड्रेज सोडलं. ते परत यायला सात तासांहून अधिक वेळ लागला. करड्या गाळासोबत शंखशिंपले, कवचधारी आणि तारामाशांचे भाऊबंद वर आले. याच मोहिमेत कप्तान कॅल्व्हर यांनी एक गावठी युक्ती केली. डेक पुसायचे तागाचे झुपके त्यांनी ड्रेजच्या मागे बांधले. पिशवीच्या तोंडातून निसटणारे काटेरी जीव त्या धाग्यांत अडकून ढिगाने येऊ लागले.

पुढे १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने थॉमसन यांच्याच नेतृत्वाखाली महासागर पालथे घातले. हजारो नव्या प्रजाती मिळाल्या, आणि ड्रेजमधून बटाट्याएवढे काळे गोळेही आले. मँगनीजचे हे गोळे दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. त्यांत निकेल, तांबं आणि कोबाल्टही असतं.

इथे गोव्याचा संबंध येतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ‘गवेषणी’ जहाजावरून २६ जानेवारी १९८१ रोजी असे गोळे प्रथम वर काढले. आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात त्यांच्या शोधाचे हक्क भारताकडे आहेत. बॅटऱ्यांसाठी या धातूंना मागणी आहे, त्यामुळे तळावरून हे गोळे गोळा करणारी यंत्रं तयार होत आहेत. कामाची जात ड्रेजचीच, आवाका मात्र कैक पटींनी मोठा.

त्या आवाक्याची किंमत काय, याची चुणूक पेरूजवळच्या एका प्रयोगात दिसली. १९८९ साली जर्मन शास्त्रज्ञांनी तिथला सुमारे ११ चौरस किलोमीटरचा खोल तळ मुद्दाम नांगरून ठेवला. २६ वर्षांनी, २०१५ साली, पाहिलं तर चर जसेच्या तसे होते आणि जीवसृष्टी पूर्ववत झालेली नव्हती. गोळ्यांनाच चिकटून जगणाऱ्या जीवांची जागा तर गोळ्यांबरोबरच जाते.

ड्रेज काय पकडतं याइतकंच ते काय सोडतं, हेही महत्त्वाचं. चपळ जीव निसटतात आणि मऊ जीवांचा चोथा होतो. म्हणूनच आता कॅमेरे आणि तळाचे अखंड नमुने उचलणाऱ्या पेट्याही वापरल्या जातात. खाणकामाआधीच्या पाहणीत ‘इथे फारसं काही नाही’ असा शेरा आला, तर तो कोणत्या साधनाने आणि किती जागा तपासून दिला, हे आधी विचारायला हवं. फोर्ब्जची चूक सुधारता आली, कारण तळ शाबूत होता.